टोपीवाल्याची कॅसेट

७८६
अकोला, ता. २२ नोव्हेंबर २००४

ती. भाईजान यांना परवेजचा सलाम, वि. वि.

तुमचं पत्र ईदच्या आधीच मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. सणाच्या तोंडावर दुकानात टेपरेकॉर्डरांची एवढी रिपेरी आली की सासऱ्यांनी शीरखुर्मासुद्धा गल्ल्यावरच आणून दिला. गुलफाम बरी आहे. भाभींना सांगा, त्यांच्या लोणच्याची बरणी ती विसरलेली नाही. फक्त रिकामी परत पाठवायला लाजते.

आपल्या गल्लीतले खुशालराव इकडे सरकी बघायला आले होते. त्यांच्या हाती एक कॅसेट पाठवली आहे, ती मिळाली असेल. कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांची म्युझिक सिस्टीम दुकानात आली, तिच्यात एक सीडी अडकून पडली होती. काढली, चालते का पाहावं म्हणून लावली, आणि भाईजान, माझ्या हातातला पेचकस हातातच राहिला. सगळी सीडी सॅक्सोफोनची! कोणी गात नाही, सॅक्सोफोनच गातो. साहेबांना विचारून तुमच्यासाठी कॅसेटवर उतरवून घेतली. कव्हरवर डोळे मिटलेला एक टोपीवाला आहे. त्याचं नाव इतकं लांबलचक इंग्रजी आहे की मी लिहिलं तरी तुम्ही वाचणार नाही.

पहिलं गाणं उड्या मारणारं आहे. बास गिटारवाला तार ओढून अशी सोडतो की काउंटरवरचे पेच थरथरतात. ड्रमवाला जोरात वाजवत नाही, पण असा नेमका मारतो की सासऱ्यांचा पाय हलायला लागला, आणि तुम्हाला आमचे सासरे माहीत आहेत. ह्याला फंक म्हणतात असं साहेबांनी सांगितलं. तिसरं गाणं मात्र संथ. त्यात आधी नुसती हवा ऐकू येते, मग त्या हवेतून सूर निघतो. ओरडणं नाही, घाई नाही. असं वाजवता येतं हे मला माहीतच नव्हतं. राग नसेल अशा वेळी ऐका.

लग्नाच्या सीझनला आपल्या बँडात येणार का, असं तुम्ही विचारलंत. गेल्या उन्हाळ्यात मी इकडे आलो तेव्हाच सासऱ्यांनी दुकान माझ्या भरवशावर टाकलं. अजून नक्की सांगता येत नाही. टेनर सॅक्सोफोन माझ्याजवळ आहे, खुंटीला नीट टांगलेला आहे.

पुतणीला, अफिफाला पापा. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा धाकटा,
परवेज


७८६
अमरावती, ता. ३० नोव्हेंबर २००४

चि. परवेजले बद्रुद्दीनच्या दुवा, वि. वि.

पत्र भेटलं. अकोल्याले जाऊन तू 'मला-तुम्हाला' लिहायले लागला, चांगलं आहे, सासऱ्याले आवडत असंन. आमी आपले अमरावतीचेच.

कॅसेट खुशालरावनं आणून देल्ली. मी काही आयकली नाही. मले कुठं वेळ आहे? फक्त एवढंच सांगतो, का दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात तुहा टोपीवाला वरच्या सुरावर चढते तिथं त्याच्या तोंडातली पत्ती जराशी फाटते, सूर चिरकते. कान देऊन आयकलं तं कोणालेही समजते. अन् ज्या तिसऱ्या गाण्याचं तू एवढं कौतुक करून राहिला, त्याच्यात तो मधातच थांबते. काहून थांबते? दम सरला त्याचा, दुसरं काय! अशा थांबण्यावर त्याले एसीच्या खोलीत बसून पैसे भेटतात. आपला धंदा रस्त्यावरचा आहे बाबू. मास्तरनं, म्हंजे मी, तोंडाचं वाजंत्र काढलं का रामराव ड्रमवर शेवटच्या काड्या मारते, अन् वरात संपली असं साऱ्या गावाले समजते. अब्बाच्या वेळपासून हा कायदा आहे. त्या टोपीवाल्याले एक डाव आपल्या राजकमल चौकात उभा करा, मंग पाहू त्याची हवा.

तुले एक गोष्ट सरळच लिहितो, मले वाईट वाटलं. तुह्या बोटावर बोट ठेवून मी तुले वाजवणं शिकवलं. लग्नामागून लग्न तू माह्या बाजूले उभा राह्यला. पण एका दिवशी तुह्या तोंडून निघालं नाही, का भाईजान, आज तुमी मस्त वाजवलं. अन् त्या परक्या माणसासाठी तुह्या हातातला पेचकस हातातच राहते! आयकून माह्या जिवाची आग झाली. माणूस आहे मी, होते आग.

आता कामाचं. वलगावच्या पंजाबरावच्या आचलचं लग्न फेब्रुवारीत आहे. साऱ्या सीझनमधलं वरातीचं हेच एक मोठं बोलावणं आहे. बाकीच्या गावात कापसाची पऱ्हाटी बुडाली तसे लोक सामूहिक लग्नात नाव टाकून राहिले, नाही तं टेम्पोवर डीजे आणून मोकळे होतात. पंजाबराव मात्र म्हणाले का माह्या वरातीले तुह्या अब्बानं वाजवलं, माह्या पोरीच्या वरातीले तुमी दोघं भाऊ पाहिजे. दोघं, असं म्हणाले. तुहा टेनर खाली नसला तं माहा आल्टो खूर मोडलेल्या खाटेवानी होते. ही वरात नीट नाही झाली तं मी बँड मोडीत काढतो, वर्द्या पेटीत घालतो. हे धमकी म्हणून लिहीत नाही. येतो का नाही ते लिही.

गुलफामले दुवा. परक्यावर जीव टाकून उरला तं थोडा घरच्यासाठीही ठेवजो.

तुहा भाऊ,
बद्रुद्दीन


७८६
अमरावती, ता. १५ डिसेंबर २००४

चि. परवेजमियाँले भाभीच्या दुवा, वि. वि.

हे पत्र तुह्या भाईजानले न सांगता लिहून राहिली, तवा उत्तर शेजारच्या पार्बताबाईच्या पत्त्यावर धाडजो. बरणीचं काही नाही, गुलफामले म्हणा उन्हाळ्यात भरलेली घेऊन ये.

मियाँ, तुमी मले कॅसेट नाही, सवत धाडली! सकाळी चहाच्या कपासोबत ती सुरू होते. मी पोळ्या लाटायले बसली का माह्या हातचं बेलन घेतात, डोळे मिटून त्याच्यावर बोटं चालवतात, अन् इकडे माहा तवा जळत राहते. कुकरची शिट्टी झाली तं माह्यावर डोळे वटारतात, जशी का ती मीच मारली. परवा अफिफानं गंमत म्हणून कॅसेट पिठाच्या डब्यामागं लपवली, तं बिनचपलेचे खुशालरावच्या घरापर्यंत शोधून आले. अन् कोणी विचारलं तं काय सांगतात? मी कुठं आयकतो, पोट्टी लावते.

खरं सांगू काय, माह्या पोटात दुखते. इतकी वर्षं माह्या हातचं खाऊन राहिले, कधी माह्या वांग्याच्या भाजीले अशी मान हलवली नाही. मंग मीही एक दिवस ते बाहेर गेले तवा आयकून पाह्यलं, का असं काय आहे त्या मुडद्यात! तिसरं गाणं लागलं अन् मी राखेचा हात तसाच घेऊन मोरीवर बसून राह्यली. भांडी तशीच. तो माणूस सांगून टाकत नाही रे, राखून राखून वाजवते. हे तुह्या भाईजानले सांगशीन तं पाहजो.

आता खोलीचं दार लावून वाजवतात. थोडं वाजवलं का थांबतात. मंग पुन्हा तिथूनच. पुन्हा थांबतात. पार्बताबाई येऊन विचारून गेली का मास्तरची छाती दुखते काय, डॉक्टरले बोलावू काय. मी विचारलं काहून थांबता, तं म्हणाले बायकांले नाही समजत. रामराव अन् बाकीचे आले का मंग जुन्या पद्धतीनं वाजवतात, थांबायचं नावच नाही. त्याईच्यासमोर लाज वाटत असंन.

हसला तेवढं पुरे झालं. परवेज, ते मनातून खचले आहेत. सीझन असा कोरडा, त्यात तू तिकडे. वलगावची वरात तुह्याशिवाय काढावी लागली तं त्यानंतर हात लावणार नाही म्हणतात. मी त्याईचा स्वभाव जाणते, बोलले तं करतात. दोन शब्द चांगले लिही अन् स्वतः ये. त्याईले दुसरं काही नको.

गुलफामले सांभाळजो. तुह्यावर रागावायचा माहा हक्क राखून ठेवते.

तुही भाभी,
कुलसुमबी


७८६
अकोला, ता. २८ डिसेंबर २००४

ती. भाईजान यांना परवेजचा सलाम, वि. वि.

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं, मग घरी जाऊन परत वाचलं. तुम्ही चांगलं वाजवत नाही असं मी कधी म्हणालो? अमरावतीपासून मोर्शीपर्यंत तुमच्यासारखा आल्टो नाही. हे सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. अब्बांनी तरी आपल्याला कधी कौतुक ऐकवलं? घरातल्या माणसाला कोण शाबासकी देतं, असंच आपल्याकडे चालत आलं. आता लिहिलं आहे, तर ठेवून द्या.

पण भाईजान, त्या तिसऱ्या गाण्यात त्याचा दम सरत नाही. पुन्हा ऐका. तो थांबतो आणि त्या रिकाम्या जागेत गिटारवाला येतो. आधी भीत भीत एखादा सूर लावतो, मग मोकळा होतो. पुढच्या गाण्यात तशीच जागा पियानोवाल्याला मिळते. टोपीवाला तेवढा वेळ बाजूला उभा राहून ऐकत असेल, दुसरं काय करणार? फोटो त्याचा, नाव त्याचं, अल्बम त्याचा, तरी तो दुसऱ्याला मध्ये येऊ देतो.

तुम्ही टोपीवाल्यावर जळता. मी त्या गिटारवाल्यावर जळलो.

इतके दिवस तुमच्या बाजूला उभं राहून मी खालचे सूर धरले. गावोगावी लोक मास्तर मास्तर करत तुमच्याभोवती गोळा झाले, ते बरोबरच होतं. पण टेनरकडे कोणाचं लक्ष गेलं असेल तर तो बंद पडल्यावर. एक अंतरा, अंतरा सोडा, एक ओळसुद्धा मी एकट्यानं कधी वाजवली नाही. घोडेवाल्याच्या घोड्यालासुद्धा वरातीत एकट्यानं नाचायला मिळतं, भाईजान. मी मागितलं नाही हे खरं. तुम्हीही कधी वळून पाहिलं नाही.

म्हणून मी वलगावला येत नाही. सासऱ्यांचं, दुकानाचं कारण लिहिणार होतो, पण तुम्ही सरळ लिहिलंत, तर मीही सरळ लिहितो. इथे कोणाचा रेडिओ दुरुस्त केला तर तो मीच केलेला असतो. एवढ्यात मला बरं वाटतं. पंजाबरावांना माझा सलाम सांगा.

भाभींना आणि अफिफाला सलाम. जास्त लिहिलं असेल तर लहान समजून पोटात घाला.

तुमचा,
परवेज


७८६
अमरावती, ता. ८ जानेवारी २००५

चि. परवेजले दुवा.

पत्र भेटलं. नको येऊ.

अंतरा मागायले तुले तोंड नव्हतं काय? अब्बासमोर तं हात पुढं करून लाडू मागत होता. तवा नाही लाजला. अन् घोड्याची बरोबरी करतो! घोड्यानं कधी माह्यावर असं पत्र लिहिलं नाही.

मी कोणाची मनधरणी करत नाही. रामराव आहे, बाकीची मंडळी आहे, वाजवू जसं होईन तसं. लग्न ६ फेब्रुवारीले आहे, रविवारी. वरात मारोतीच्या पारापासून संध्याकाळी चारले निघन, तिथून शाळेच्या बाजूनं, पिठाच्या चक्कीवरून मांडवाले. वलगावच्या स्टँडवर उतरलं का पार दिसतेच. हे नुसतं कळवून ठेवलं, तुले त्याच्याशी काही घेणं नाही.

थंडी लय आहे. टेनर खुंटीले टांगून ठेवू नको, झाकणांच्या गाद्या कडक होतात. पेटीत ठेवजो.

बद्रुद्दीन


७८६
अमरावती, ता. ९ फेब्रुवारी २००५

चि. परवेजमियाँले भाभीच्या दुवा, वि. वि.

वलगावची वरात झाली. कशी झाली ते दुसऱ्या कोणाकडून तुह्या कानावर जाण्याआधी मीच सांगते.

मैनाबाईनं, म्हणजे पंजाबरावच्या घरच्याईनं, मले अन् अफिफाले जेवणाचं आवतण देल्लं होतं, म्हणून मी मांडवात होती. बाहेर काय झालं ते रामरावनं सांगतलं. पारापासून तुह्या भाईजाननं जे वाजवणं सुरू केलं, का बुढे बुढे लोक फेटे सावरत नाचले. मांडवात बसून मले आयकू येत होतं. मनात म्हटलं, सवतीनं काही तरी चांगलं केलं बाई. असा गोड आल्टो मी इतक्या वर्षांत आयकला नव्हता.

वरात चक्कीपाशी आली. अन् वाजवता वाजवता, भर रंगात, त्याईनं वाजंत्र तोंडाचं काढलं अन् गप्प उभे राह्यले. रामराव बिचारा सारा जन्म मास्तरच्या तोंडाकडं पाहून वाजवणारा माणूस. त्यानं आपला कायदा पाळला, शेवटच्या काड्या मारल्या. सारा बँड बंद! इकडे मांडवात गलका झाला का आले, आले, वरात आली. भटजीले मुहूर्ताची घाई, त्यानं माइक हातात घेतला अन् मंगलाष्टक सुरू करून देल्लं. बायांनी अक्षता फेकल्या. अंतरपाटाच्या इकडे आचल हार घेऊन उभी, तिकडे कोणीच नाही, अन् नवरदेव अजून चक्कीपाशी घोड्यावर! अफिफाले हसू आवरेना, मी तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. मंग नवरदेवाची माय आली ती रडतच आली, का माह्या पोराच्या नशिबाच्या अक्षता हवेवर पडल्या. मोठा बोभाटा झाला. पंजाबरावनं हात जोडले, भटजीनं मंगलाष्टक पहिल्यापासून म्हटलं, लग्न लागलं. पंजाबराव एका शब्दानं रागावले नाहीत, पण पाव्हण्यांमधे एकच चर्चा, का मास्तरचा दम गेला. आता मास्तर संपले.

त्याईले मी विचारलं, रामरावनं विचारलं, तब्येतीचं काही होतं काय. घरी आल्यावर साऱ्याईच्या वर्द्या घड्या करून पेटीत घातल्या, कॅसेट उचलून माह्या हाती देल्ली अन् म्हणाले, ठेव कुठं तरी. मी जिच्यावर एवढी जळत होती ती कॅसेट मीच आता त्याईच्या उशाशी नेऊन ठेवते अन् ते हात लावत नाहीत. घरात इतकं शांत आहे का मले गमत नाही. कुकरची शिट्टी झाली तं कोणी वटारून पाहतही नाही.

मी तुह्यावर दोष ठेवत नाही, तुहं म्हणणंही मले पटलं. पण हा माणूस असा बसलेला मले पाहवत नाही, म्हणून लिहिलं.

आपल्या माणसाची खबर घेत जाय.

तुही भाभी,
कुलसुमबी


७८६
अमरावती, ता. १६ फेब्रुवारी २००५

चि. परवेजले बद्रुद्दीनच्या दुवा, वि. वि.

कुलसुमनं तुले सारं लिहिलं, मले माहीत आहे. पार्बताबाईच्या घरून पत्रं येतात-जातात हेही मले पहिल्यापासून माहीत आहे. तिले सांगू नको, तिची मजा जाईन.

लोक म्हणून राहिले का मास्तरचा दम गेला. म्हणू दे. दम माह्याजवळ भरपूर आहे. तुले मात्र खरं सांगतो, दुसऱ्या कोणाले सांगतलं नाही.

तुहं ते गिटारवाल्याचं पत्र यायच्या आधीच मले ती जागा समजली होती. त्याचा दम सरला असं मी लिहिलं, ते जळून लिहिलं. दुसऱ्याच दिवशी मले कळलं का तो मुद्दाम थांबते. मंग मी दार लावून तेच बसवून राहिलो होतो, का चक्कीपाशी मी थांबीन अन् तिथून तू टेनरवर अंतरा उचलशीन. तिथं दोन्ही बाजूले भिंती आहेत, तुहा भारी आवाज तिथं घुमला असता. तुले आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. तितक्यात तुहं पत्र आलं, घोडा काय अन् काय काय. माह्याही तोंडून निघून गेलं, नको येऊ.

पण मले वाटलं तू येशीन. तू लहानपणापासून असाच आहे, नाही म्हणतो अन् मागून येतो. पारापासून मी गर्दीतच पाहून राहिलो होतो. कोणाच्या खांद्यावर काळी पेटी दिसली का मले वाटे तूच. चक्कीपाशी पोचलो, जागा आली, अन् मी थांबलो. काहून थांबलो ते माहीत नाही. एवढे दिवस बसवलं होतं, आपोआप तोंडाचं निघालं. वळून पाह्यलं. तू म्हणतो ना, भाईजाननं कधी वळून पाह्यलं नाही? पाह्यलं मी.

मले त्या टोपीवाल्याचा अजूनही हेवा वाटते. त्याच्या सुराचा नाही, सूर माह्याजवळही आहे. त्याची पत्ती फाटते ते फाटतेच, ते मी मागं घेत नाही. हेवा याचा वाटते का तो बिनधास्त थांबते. त्याले पाहावं लागत नाही, बाजूले त्याचा माणूस उभा असते. मी थांबलो तं रस्त्यावर नुसता घोडा फुरफुरला.

पंजाबरावच्या साळ्याकडं मोझरीजवळ मे महिन्यात लग्न आहे. एवढं सारं होऊनही पंजाबरावनंच शब्द टाकला. मी अजून हो म्हटलं नाही. वर्द्या पेटीतच आहेत, तुहीही त्याच्यातच आहे, कुलसुमनं इस्त्री करून ठेवली. तू यावं असं मी म्हणत नाही, दुकान तुहं आहे, जीव तुहा आहे. काल फक्त रामरावले घरी बोलावून बसवलं अन् सांगतलं, का यापुढं मी तोंडाचं काढलं तं काड्या मारू नको, परवेज येईपर्यंत हात तसाच वर धरून ठेव.

गुलफामले दुवा. हात लवकर दुखून येतात, रामरावचं वय झालं आहे.

तुहा भाऊ,
बद्रुद्दीन